हरताळ, वार्निश आणि लेयर

मराठीत 'संपादन' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरतो. पोथीचे संपादन करणारा पाठभेद जुळवतो, क्षेपके वेगळी काढतो, अपपाठ दुरुस्त करतो आणि आपल्या प्रत्येक हस्तक्षेपाची नोंद तळटीपेत ठेवतो. चित्राचे किंवा छायाचित्राचे संपादन करणारा संगणकापुढे बसून डाग पुसतो, उजेड वाढवतो, कडा कापतो. तळटीप मात्र बहुधा कोठेच नसते. शब्द एक आहे, शिस्त एक नाही. छायाचित्र-संपादनासाठी सॉफ्टवेअर कोणते निवडावे हा प्रश्न म्हणूनच आम्हाला केवळ तांत्रिक वाटत नाही. त्याचे उत्तर संगणकाच्या दुकानात जितके मिळेल, त्याहून अधिक पाठचिकित्सेच्या शास्त्रात मिळेल, असे आमचे म्हणणे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. आजचा विद्यार्थी पोथी वाचतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा पोथीचे छायाचित्र वाचत असतो. पोथी आणि वाचक यांच्यामध्ये कॅमेरा किंवा स्कॅनर आला आणि त्यांच्या पाठोपाठ एक सॉफ्टवेअर आले. जुन्या काळी ही मधली जागा लिपिकाराची होती. लिपिकाराच्या सवयी, त्याची घाई, त्याचा अतिशहाणपणा यांचा अभ्यास केल्यावाचून आपण संहितेवर विश्वास ठेवत नाही. मग या नव्या लिपिकारावर आपण डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

विवेचनासाठी आम्ही खानदेशचा आधार घेणार आहोत. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या परिसरात प्रतिमेचे तीन स्वतंत्र इतिहास शेजारी शेजारी उभे आहेत. जळगावहून गाठता येणारी अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि त्यांच्या नकलांचा इतिहास हा पहिला. चाळीसगावच्या केकी मूस यांच्या छायाचित्रांचा दुसरा. धुळ्यात जपलेल्या पोथ्यांचा आणि मोडी कागदांचा तिसरा. सॉफ्टवेअर निवडताना जे प्रश्न विचारले पाहिजेत ते सगळे या तीन इतिहासांत संगणकाच्या कितीतरी आधी विचारले गेले आहेत.

१

पोथीपासूनच आरंभ करू. लिहिताना अक्षर चुकले तर लिपिकार ते खोडत नसे. हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाची खळ करून तो त्या अक्षरावर लावी आणि वाळल्यावर हवे तर त्यावर बरोबर अक्षर लिही. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार या कृतीतून आला. (बंद या अर्थाचा 'हरताळ' निराळा; त्याचे मूळ हाट, म्हणजे बाजार, या शब्दाकडे जाते.) वाक्प्रचारात हरताळ फासणे म्हणजे एखादी गोष्ट रद्दबातल करणे. प्रत्यक्ष पोथीत मात्र हरताळाखालचे अक्षर पुष्कळदा पुसटसे दिसत राहते. चूक झाकली आहे, पण नष्ट झालेली नाही. शिवाय येथे दुरुस्ती झाली आहे हे तो पिवळा पट्टा स्वतःच सांगतो. आजच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचे तर हरताळ हा एक 'लेयर' आहे, मूळ चित्रावर चढवलेला वेगळा थर.

आता अशा पानाचे छायाचित्र घेऊन कोणी ते 'स्वच्छ' करावयास बसला, तर काय होते ते पाहावे. पहिली पायरी बहुधा रंग काढून टाकण्याची. करड्या छटांत हरताळाचा पिवळा आणि जुन्या कागदाचा पिवळट तपकिरी रंग जवळजवळ सारखेच दिसू लागतात. दुसरी पायरी काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवण्याची. तिने हरताळाखालचे पुसट अक्षर पुन्हा गडद होते आणि लिपिकाराने रद्द केलेला पाठ जिवंत होऊन ओळीत येऊन बसतो. फरक याहूनही वाढवला तर उलटे घडते. तो सगळा भाग कोरा होतो आणि वाचकाला तेथे काही लिहिलेच नव्हते असे वाटते. दोन्ही वेळा नवा अपपाठ जन्मला, आणि तो कोणत्याही लिपिकाराने केलेला नाही.

तिसरी पायरी सर्वांत निरुपद्रवी दिसते, म्हणून सर्वांत घातक आहे. ती म्हणजे बारीक ठिपके आपोआप पुसणारी सोय. कागदावरची धूळ, कसरीची भोके, बुरशीचे डाग यांच्यासाठी ती उपयुक्त खरी. पण प्राचीन मराठीत ठिपका ही किरकोळ वस्तू नाही. अनुस्वार तेथे व्याकरण वाहतो. 'ते' आणि 'तें' यांत लिंगवचनाचा फरक आहे. 'घरीं' मधला अनुस्वार सप्तमीची खूण आहे. सॉफ्टवेअरला धूळ आणि विभक्ती यांतला भेद कळत नाही. ते फक्त आकार मोजते. शंभर पानांवर ही सोय एकदम चालवली, तर शंभर पानांतील किती अनुस्वार गेले हे कोण सांगणार? ज्ञानेश्वरीच्या किंवा महानुभाव गद्याच्या भाषेवर प्रबंध लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही साधी सफाई नाही, पुराव्याचा नाश आहे.

२

दुसरा इतिहास अजिंठ्याचा. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, परंतु रेल्वेने येणाऱ्याला जळगाव हेच त्यांचे दार आहे. १८१९ मध्ये इंग्रजांच्या नजरेस ही लेणी पडली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला भित्तिचित्रांच्या नकला काढण्याच्या कामावर नेमले. गिल त्या कामात वर्षानुवर्षे गुंतून राहिला. त्याने मोठ्या आकाराची तैलचित्रे केली, पुढे कॅमेराही हाती घेतला, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू भुसावळला झाला. त्याची कबरही तेथेच आहे. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्या जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम पुन्हा हाती घेतले, ते १८८५ पर्यंत चालले. आणि त्याच १८८५ मध्ये लंडनमधील दुसऱ्या आगीत त्यांच्याही कितीतरी नकला नष्ट झाल्या.

दोन्ही आगी दुःखदच. पण त्यांतून जे वाचले ते महत्त्वाचे आहे. नकला जळाल्या तरी भिंती जागेवर होत्या, म्हणूनच गिलनंतर ग्रिफिथ्सला नव्याने आरंभ करता आला. याहून मोठी हानी आगीवाचून झाली. नकला काढताना चित्रे उजळ दिसावीत, रंग उठून यावेत म्हणून भिंतींवरच वार्निश चढवले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत या सद्हेतूने लाखेचे वार्निश वापरले. काही काळ चित्रे चमकली. मग वार्निश पिवळे पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि खालचे रंग त्या पिवळ्या पडद्याआड गेले. तो पडदा हलक्या हाताने दूर करण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षे करावे लागले.

प्रतिमा-संपादनाचा पहिला नियम येथे सापडतो. नकलेवर काय करावयाचे ते करा; मुळावर करू नका. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या नकलांत त्यांच्या काळाची दृष्टी उतरली असेल, चेहरे कदाचित थोडे विलायती झाले असतील. पण मूळ समोर आहे तोवर ती चूक तपासता येते. वार्निशाने तपासण्याची सोयच काढून घेतली. संगणकावर हे वार्निश लावणे फार सोपे आहे. कॅमेऱ्यातली फाइल उघडली, उजेड वाढवला, त्याच नावाने जतन केली, की झाले. जेपेग पद्धतीची फाइल असेल तर दर वेळी बदलून पुन्हा जतन करताना चित्रातील माहिती थोडी थोडी गळत जाते, ती परत येत नाही.

३

तिसरा इतिहास या नियमाची दुसरी बाजू दाखवतो. केकी मूस यांचा जन्म १९१२ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. विलायतेत कलाशिक्षण घेऊन ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावी परतले आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. या एकांतवासाभोवती ज्या दंतकथा जमल्या आहेत त्या येथे बाजूला ठेवू. आपल्याला प्रयोजन आहे ते त्यांच्या 'टेबल टॉप' छायाचित्रांशी. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा सोडायचा की त्या वस्तूंचे निसर्गदृश्य व्हावे, आणि ते कॅमेऱ्यात पकडायचे. घराला त्यांनी 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' असे नाव दिले होते. छायाप्रकाशाच्या त्या डच उस्तादाचे नाव त्यांनी उगाच घेतले नसावे.

हे छायाचित्र खोटे आहे काय? दृश्य अस्तित्वात नव्हते, या अर्थाने खोटे. पण त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण 'टेबल टॉप' हे नावच वाचकाशी झालेला करार आहे. कादंबरीच्या मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापले, की आतल्या पात्रांचा जन्मदाखला आपण मागत नाही, तसेच हे. कलावंताने प्रतिमा घडवावी, वाकवावी, नव्याने रचावी. त्याला साधन निवडायचे असेल तर त्याने सर्वांत समर्थ साधन निवडावे, आणि आपला हात ज्यावर बसला आहे ते निवडावे.

मूस यांच्या पिढीचे आणखी एक देणे आहे. प्रिंट काढताना फोटोच्या एखाद्या भागावर प्रकाश कमी पडावा म्हणून तारेला लावलेली चकती मध्ये धरीत, किंवा जास्त पडावा म्हणून हाताची मूठ करून तिच्या फटीतून उजेड सोडीत. फोटोशॉपमध्ये या दोन क्रियांच्या खुणा आजही तीच चकती आणि तोच हात अशा आहेत. डार्करूम कधीही न पाहिलेला विद्यार्थी त्या खुणांवर बोट ठेवतो, तेव्हा तो एका विस्मृत कारागिरीची मुळाक्षरे गिरवत असतो. फरक इतकाच, की डार्करूममध्ये निगेटिव्ह शाबूत राहत असे. प्रिंट बिघडली तर कागद वाया जाई, मूळ नाही. निगेटिव्ह हे त्या काळचे 'मूळ' होते आणि त्याला हात न लावणे ही त्या धंद्याची रीत होती. डिजिटल फाइलने ती रीत मोडली. साधने मात्र ती परत आणण्यासाठी पुढची तीस-पस्तीस वर्षे धडपडत राहिली. सॉफ्टवेअरचा इतिहास आम्ही असा वाचतो.

४

१९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस नोल याने करड्या छटांची चित्रे संगणकाच्या पडद्यावर दाखवणारा एक लहान प्रोग्रॅम लिहिला. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांवर काम करणारा त्याचा भाऊ जॉन याने त्यातली शक्यता हेरली. त्यातून झालेले फोटोशॉप अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. खानदेशातील साहित्याच्या विद्यार्थ्यांची एक पिढी आणि हे सॉफ्टवेअर समवयस्क आहेत, असे म्हणायला हरकत नाही.)

आरंभीच्या फोटोशॉपमध्ये लेयर नव्हते. चित्रावर केलेला बदल चित्रातच मुरत असे आणि फक्त शेवटची एक कृती मागे घेता येई. वार्निशच ते. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे हरताळ आला. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत उजेड आणि रंग यांचे बदलही वेगळ्या थरावर ठेवता येऊ लागले. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत केलेल्या कृतींची यादी दिसू लागली, तिच्यातून मागे जाता येऊ लागले. अर्थात फाइल बंद केली की ती यादी संपे. तरीही दिशा स्पष्ट आहे. कलावंतांसाठी निघालेले साधन हळूहळू संपादकाच्या शिस्तीकडे सरकत होते.

दुसरी धारा बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांची. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये 'जिम्प' लिहावयास घेतले आणि १९९६ मध्ये ते सर्वांना खुले केले. त्याची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमची आज्ञावली, कोणालाही वाचता येते, बदलता येते, वाटता येते. सॉफ्टवेअरची संहिता उघडी असणे ही गोष्ट साहित्याच्या माणसाला तरी नवी वाटू नये. कीर्तनकाराची आणि ओवीची परंपरा याच तत्त्वावर चालली. जिम्पची गती मंद होती. एका रंगवाहिनीस आठ बिटांपेक्षा अधिक बारकावा त्याला २०१८ च्या २.१० आवृत्तीपर्यंत पेलत नव्हता. आणि मूळ न बदलता परिणाम वरून चढवण्याची सोय मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली. छपाईसाठी लागणाऱ्या चार शाईंच्या पद्धतीत थेट काम करणे ही त्याची आजही उणी बाजू आहे. छापखान्याशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी फोटोशॉप आणि कोरलड्रॉ सोडले नाहीत, त्यामागे हे एक रास्त कारण होते.

देवनागरीचा मुद्दाही या इतिहासात येतो. चित्रावर मराठी मजकूर लिहावयाचा झाल्यास २००० च्या दशकातील फोटोशॉपमध्ये युनिकोड देवनागरी नीट उमटत नसे. ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाई, जोडाक्षरे सुटी पडत. म्हणून मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटांत लिहिला जाई आणि त्या फाँटाबाहेर तो निरर्थक ठरे. जिम्पने २००४ च्या २.० आवृत्तीपासून मजकुरासाठी पँगो ही अक्षरजुळणीची यंत्रणा घेतली आणि तिला भारतीय लिप्यांची जाण होती. पुढे अडोबीनेही आपल्या साधनांत ती सोय केली. पण या अंतरातून आपण एक गोष्ट शिकावी. आपली लिपी ज्याला शेवटी आठवते, ते साधन कितीही समर्थ असले तरी आपल्या कामाला अपुरे पडू शकते.

मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या वर्गणीनेच मिळतील; एकदाच विकत घेऊन कायम वापरण्याची २०१२ ची आवृत्ती शेवटची ठरली. धंद्याच्या दृष्टीने यात गैर काही नसेल. पण हस्तलिखितांच्या संग्रहाला त्याचा अर्थ असा, की वर्गणी थांबली की आपणच केलेल्या कामाच्या फाइलींकडे जाण्याचा सरळ रस्ता बंद होतो. इतर सॉफ्टवेअर त्या फाइली उघडतात, पण त्यांतले सगळे थर आणि सगळे परिणाम जसेच्या तसे येतीलच असे नाही. पोथी घरात आहे आणि किल्ली दर महिन्याला भाड्याने आणावी लागते, असा हा व्यवहार आहे.

५

आता धुळ्याकडे येऊ, कारण निवडीचा कस तेथे लागतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंड प्रसिद्ध केले. अस्सल कागद वाचकापुढे ठेवावा, मग त्यावर भाष्य करावे, हा त्यांचा आग्रह. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठामठांतून बाडे गोळा केली, समर्थ वाग्देवता मंदिर उभारले, आणि समर्थांच्या हस्ताक्षरातील मानले जाणारे वाल्मीकिरामायण तेथे जपले गेले.

याच राजवाड्यांनी बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे त्या शुद्ध केलेल्या पाठाचेच राज्य झाले. म्हणून एकनाथपूर्व म्हणविणाऱ्या पोथीला असाधारण मोल होते. १९६० मध्ये शासनाने काढलेल्या आवृत्तीनेही राजवाड्यांच्या पाठाचाच आधार घेतला. परंतु ती मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना तपासावयास मिळाली नाही. हातात राहिली ती छापील संहिता. एखादे रूप पोथीतले की राजवाड्यांनी वाचलेले, हा वाद मग कशाच्या आधारावर मिटवावा? अजिंठ्यात नकला गेल्या आणि मूळ राहिले. येथे नक्कल राहिली आणि मूळ गेले. दुसरी अवस्था केव्हाही अधिक असाध्य. अस्सल कागदाचा एवढा कैवारीही जेथे हा धोका टाळू शकला नाही, तेथे आपण साधनांची निवड सैल हाताने करणे बरे नव्हे.

पोथ्यांच्या आणि कागदपत्रांच्या छायाचित्रांसाठी सॉफ्टवेअर निवडताना चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. ते कशाकशात समर्थ आहे, हा त्यांतला प्रश्न नाही.

पहिला : मूळ फाइल अस्पर्श राहते काय? कॅमेऱ्यातून आलेली प्रत, शक्यतो टिफ पद्धतीची, वेगळ्या जागी, दोन ठिकाणी ठेवावी आणि तिच्यावर कोणतेही साधन चालवू नये. काही साधने या शिस्तीला मदत करतात. जिम्पने २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून जतन करणे आणि बाहेर काढणे या दोन क्रिया वेगळ्या केल्या. जतन केली की कामाची, थरांसह असलेली प्रत राहते; जेपेग हवी तर ती मुद्दाम बाहेर काढावी लागते. पुष्कळ वापरणाऱ्यांना ही कटकट वाटली. आम्हाला ती हस्तलिखित आणि मुद्रित प्रत यांतला भेद शिकवणारी सोय वाटते.

दुसरा : काय बदलले हे नंतर वाचता येते काय? थर वेगळे ठेवणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग अधिक पंतोजी वळणाचा आहे. १९९० मध्येच खुले झालेले इमेजमॅजिक हे साधन लेखी आज्ञांवर चालते. पाचशे पाने इतक्या अंशांनी फिरव, इतकी कड काप, असे लिहून द्यावे लागते. ती लिहिलेली आज्ञा जपून ठेवली, की तीच संपादकाची तळटीप. माउसने केलेल्या शंभर हालचालींची अशी नोंद राहत नाही.

तिसरा : वीस वर्षांनी, कोणाची परवानगी न मागता, ही फाइल उघडेल काय? याचे उत्तर सॉफ्टवेअरपेक्षा फाइलीच्या पद्धतीवर अवलंबून असते. पद्धत सर्वज्ञात असेल, अनेक साधनांना ती वाचता येत असेल, तर आजचे साधन उद्या बंद पडले तरी बिघडत नाही.

चौथा : ते न विचारता काही करते काय? हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने रिकामी जागा भरण्याची सोय आहे, आणि फोनमधले कॅमेरेही छायाचित्र काढता काढताच ते 'सुधारतात'. कसरीने खाल्लेल्या भोकाच्या जागी असे साधन शोभेलसे काहीतरी रेखील. कागदाचा पोत जुळेल, शाईचा रंग जुळेल, आणि मध्ये एक अक्षर किंवा अक्षरासारखे काही उमटेल. आपल्या शास्त्रात याला क्षेपक म्हणतात. जुना क्षेपककार निदान छंद सांभाळून लिही आणि भाषेवरून तो पकडता येई. या नव्या क्षेपकाला हस्ताक्षरही मूळ लिपिकाराचेच असेल.

६

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की हा सोवळेपणा आहे. पुसट पान वाचता यावे म्हणून उजेड-अंधार बदलावाच लागतो. मान्य. काही वेळा रंगांच्या वाहिन्या वेगळ्या करून पाहिल्यास उडालेली शाई दिसू लागते आणि वाचन शक्य होते. असे वाचन जरूर करावे. पण ते वाचनाचे साधन म्हणून. मूळ म्हणून नव्हे. भिंग लावून वाचलेले अक्षर आपण भिंगासकट कपाटात ठेवत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. विद्यार्थी जे साधन हाताशी आहे तेच वापरणार. महाविद्यालयाकडे वर्गणीला पैसे नाहीत आणि नवे साधन शिकवायला माणूस नाही. हा आक्षेप अधिक वजनदार आहे. लहान शहरांत फोटोशॉपच्या विनापरवाना प्रती कशा फिरत, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांवरच एका पिढीचा हात बसला हेही खरे. तरी आमच्या चार प्रश्नांना महागडे उत्तर लागत नाही. मोफत आणि खुली साधने आज पोथीच्या कामाला पुरेशी आहेत. ज्याचा हात फोटोशॉपवर बसला आहे, त्याने तेच वापरूनही मूळ वेगळे ठेवले, थर मिटवले नाहीत आणि केलेल्या बदलांची एका वहीत नोंद ठेवली, तर तो या परीक्षेत उतरतो. महागडे साधन घेऊन वही न ठेवणारा उतरत नाही.

म्हणून विद्यार्थी 'कोणते सॉफ्टवेअर घेऊ?' असे विचारील, तेव्हा शिक्षकाने त्याला आधी उलट विचारावे : तुला चित्र घडवायचे आहे, की साक्ष जपायची आहे? घडवायचे असेल तर त्याच्यापुढे केकी मूस यांचे टेबल आहे. त्यावर त्याने हवे ते मांडावे, फक्त त्याला 'टेबल टॉप' म्हणावे. साक्ष जपायची असेल तर त्याच्यापुढे धुळ्याची बाडे आहेत, आणि त्यांच्या लिपिकारांनी घालून दिलेला धडा आहे. चूक दुरुस्त करताना त्यांनी ती अशी झाकली, की तीन-चार शतकांनंतरच्या वाचकालाही येथे हात फिरला आहे हे दिसावे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा पिवळा पट्टा राखता येतो, ते घ्यावे.